टोकनराव

शिरगावात राहणाऱ्या माणसाचा संसार टोकनापासून सुरू होतो. परळ-लालबागच्या दहा बाय दहातून बदलापूर पूर्वेला आलेल्या पिढीने रविवारी सहकुटुंब साइट पाहिली, बिल्डरच्या ऑफिसात थंड प्यायलं आणि ‘आज टोकन देऊन ठेवा, उद्यापासून रेट वाढतोय’ हे ऐकून खिशात हात घातला. घराचं कर्ज यथावकाश फिटलं, टोकन द्यायची खोड मात्र जडली ती जडलीच. म्हणून शिरगाव-आपटेवाडीच्या सोसायट्यांत मजल्यागणिक नाही तरी विंगेगणिक एक टोकनराव सापडतो.

आमच्या विंगेतले टोकनराव त्यातले मुरलेले. त्यांना वस्तू नको असते. ती ‘आपली झाली’ हे समाधान हवं असतं, तेही दहा टक्क्यांत. नेरळकडचा प्लॉट, लग्नाचा हॉल (मुलगी तेव्हा सातवीत होती), इन्व्हर्टर, सगळ्यांवर त्यांचं टोकन पडून गेलंय. पैसे परत मागितले की दुकानदार ‘काहीतरी अ‍ॅडजस्ट करून घ्या’ म्हणतो. त्या अ‍ॅडजस्टमेंटमधून घरात माशांविना फिशटँक आलाय आणि पोपटाविना पिंजरा. पिंजऱ्यात वहिनी कांदे ठेवतात. पोपटाचं टोकन तर त्यांनी मागितलंच नाही. देशी पोपट पाळणं 1972 च्या वन्यजीव कायद्यात बसत नाही हे कळल्यावर, गुन्ह्याचा अ‍ॅडव्हान्स परत मागायला कुठल्या तोंडाने जाणार?

यंदा टोकन पडलं लॅब्राडॉरच्या पिल्लावर. किंमत 18,000, त्यातले 5,000 जागच्या जागी जीपे. पिल्लाने त्यांच्या चपलेचा अंगठा चावला, एवढ्यावर सौदा ठरला. ‘सोसायटीत कुत्रा चालणार नाही’ असं सेक्रेटरी म्हणाले, तेव्हा टोकनरावांनी त्यांना भारतीय पशुकल्याण मंडळाच्या 2015 च्या सूचना ऐकवल्या: पाळीव प्राण्यांवर सोसायटीला सरसकट बंदी घालता येत नाही. सेक्रेटरी गप्प झाले. वहिनी झाल्या नाहीत. “अहो, तुम्ही सहाच्या लोकलला, मी सातच्या. जीवन प्राधिकरणाचं पाणी येतं तेव्हा मी बादल्या भरू, की याला फिरवून आणू?” यावर कुठल्याच मंडळाच्या सूचना नव्हत्या. सौदा रद्द.

टोकनराव रंगात येतात ते इथून पुढे. पैसे देताना साने गुरुजी, मागताना नाना फडणवीस. पारदर्शक फोल्डरात पावती, जीपेचा स्क्रीनशॉट आणि व्हॉट्सअ‍ॅपवरच्या बोलण्याची प्रिंट लागते. त्यातलं ‘पिल्लू फारच गोड आहे हो’ हे स्वतःचं वाक्य पेनाने खोडलेलं असतं. जायचं ते शनिवारी संध्याकाळी, दुकान भरलेलं असताना. आणि गेल्याबरोबर बसायला स्टूल मागायचं.

“काका, पावतीवर लिहिलंय ना, अ‍ॅडव्हान्स परत मिळणार नाही.”

“वाचलं रे बाळा. करार कायदा 1872 चा, कलम 74. करार मोडला तर वाजवी भरपाई घ्यायची. छापलं म्हणून सगळीच रक्कम गिळायची नाही. तुझं नुकसान किती ते सांग.”

“पट्टा, बाऊल, शाम्पू घेऊन जा ना काका. अ‍ॅडजस्ट करतो.”

“घरी कांदे ठेवायला जागा आहे. बरं, पिल्लू केवढं?”

“पस्तीस दिवसांचं,” असं म्हणून पोराने जीभ चावली, पण उशीर झाला होता. आठ आठवड्यांच्या आतलं पिल्लू विकायचं नाही, हा श्वान प्रजनन आणि विक्रीचा 2017 चा नियम. दुकानाची राज्य पशुकल्याण मंडळाकडे नोंदणी हवी, हा 2018 चा. “नोंदणी दाखवतोस?” पोराने भिंतीकडे पाहिलं. भिंतीवर कालनिर्णय होतं.

राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनचा 1915 हा नंबर टोकनरावांनी डायरीत लिहिलेला नाही. गांधीजी आफ्रिकेतून परत आले ते साल. परत येण्याचा नंबर याहून वेगळा कसा असेल, असं ते म्हणतात. 2019 च्या कायद्यामुळे आपण राहतो त्याच जिल्ह्याच्या आयोगात तक्रार करता येते आणि पाच लाखांपर्यंतच्या व्यवहाराला फी पडत नाही, हेही त्यांना पाठ. पण ठाण्याला जायची वेळ येत नाही. स्टूल पुरतं. येणाऱ्या प्रत्येक गिऱ्हाइकाला ते आपुलकीने सांगतात, “घ्या हो, छान प्राणी आहेत. टोकन देण्याआधी पावती तेवढी वाचा.”

आम्ही त्यांना हसतो खरे. पण आमचेही हजार-पाचशे कुठेकुठे अडकलेले असतातच, आणि ‘जाऊ दे, कोण वाद घालणार’ म्हणून आम्ही ते सोडून देतो. पावतीवरची ती ओळ कायद्याच्या नाही, आमच्या या आळसाच्या भरवशावर छापलेली असते. टोकनरावांना घेणं जमत नाही. सोडणं तर त्याहून जमत नाही.

चौथं गिऱ्हाईक रिकाम्या हाताने गेल्यावर पोराने हिशेब मांडला: चार दिवसांच्या खाण्याचे 400 कापून 4,600 परत. टोकनरावांनी चष्मा वर केला. “चार कसे? गुरुवारी दुकान बंद असतं.”

“दुकान बंद असतं काका. पिल्लाचं पोट चालूच असतं.”

हा मुद्दा त्यांनी खळखळ न करता मान्य केला. पैसे आल्याचा आवाज मोबाईलने दिला. फोल्डर बंद करून ते उठले, तर पोरगं घुटमळत म्हणालं, “काका, एक विचारू? आधीच्या गाळ्याचं माझं पन्नास हजार डिपॉझिट मालक देत नाहीये. म्हणतो, रंगकामात गेलं.”

टोकनरावांनी स्टूल पुन्हा ओढलं. “रंगकामाचं बिल दाखवलं का त्याने? नाही ना? मग चहा सांग, आणि भाडेकरार काढ.”