आधीअण्णा

अण्णांचं खरं नाव फक्त रेशनकार्डावर उरलंय. कोल्हापुरात आमच्या पेठेत ते आधीअण्णा. जिल्हा परिषदेच्या लेखा विभागातून ते निवृत्त झाले, पण बिलावर आक्षेप काढायची त्यांची सवय अजून नोकरीत आहे. संध्याकाळी मिरजकर तिकटीजवळच्या चहाच्या गाड्यावर त्यांचं दप्तर उघडतं. अमक्या गायकाला सरकारनं पुरस्कार दिला, संमेलनाला अनुदान वाढवलं, असं कुणी नुसतं म्हणायचा अवकाश, अण्णा कपातला चहा बशीत ओततात आणि म्हणतात, "आधी पाणी द्या म्हणावं!"

धरणातून आणलेल्या थेट पाइपलाइनचं पाणी 2023 च्या दिवाळीत शहरात आलं, तेव्हा आता अण्णा काय म्हणणार, अशी आम्हाला उत्सुकता होती. अण्णा म्हणाले, "आलं न्हवं? आता रोज येऊ दे आधी."

हे सगळं ते हवेत बोलत नाहीत. खिशात सहकारी बँकेची डायरी असते, तिच्यात जनतेच्या गरजांची यादी अनुक्रमांकासह लिहिलेली आहे. एक पाणी, दोन पंचगंगेतली घाण, तीन रस्ते, चार गोरगरिबांचं रेशन, पाच दवाखान्यातल्या खाटा, असं करत करत सतरा नंबरावर 'नाटक, गाणं इ.' या 'इ.'मध्ये साहित्य, चित्र, शिल्प, शाहिरी आणि अख्खं तमाशाशास्त्र दाटीवाटीनं बसवलेलं आहे. सोळापर्यंतची कामं उरकल्याशिवाय सतराव्याचं बिल पास करायचं नाही, हा नियम.

डायरीची गंमत अशी की ती फक्त कलेचं नाव निघालं की बाहेर येते. चौकाचौकांत स्वागतकमानी उभ्या राहिल्या तेव्हा ती खिशातच होती. रंगीत दिव्यांच्या कारंजाची बातमी आली तेव्हा मी मुद्दाम विचारलं, "अण्णा, पाण्याची बोंब, आणि पाणी उडवायला पैसे?" अण्णा शांतपणे म्हणाले, "ते पर्यटन." गरीब माणूस कमानीखालून उपाशी गेला तर चालतो, नाट्यगृहाच्या दारावरून गेला की मात्र अण्णांच्या पोटात कालवतं.

8 ऑगस्ट 2024 च्या रात्री केशवराव भोसले नाट्यगृहाला आग लागली. दुसऱ्या दिवशी केशवरावांची जयंती. निम्मं गाव रस्त्यावर उतरलं होतं आणि त्यात बनियनवर टॉवेल टाकून अण्णाही होते. बंबवाल्यांना सूचना देऊन देऊन त्यांचा घसा बसला. छप्पर कोसळलं तेव्हा माझा दंड त्यांनी असा आवळला की वळ उठला. पुढं सरकारनं पुनर्बांधणीसाठी वीस कोटी जाहीर केले आणि अण्णांचा घसा सुटला. "वीस कोटी? नाटकाला? वीस कोटीत किती गल्ल्यांच्या गटारी झाल्या असत्या, हिशेब करा!" हिशेब त्यांनीच केला. दोन्ही बाजूंना फरशी धरून.

आमच्यातला एक मास्तर म्हणाला, "अण्णा, हे नाट्यगृह, म्हणजे जुनं पॅलेस थिएटर, बांधलं कुणी? शाहू महाराजांनी. गाव तेव्हा काय सोन्याच्या ताटात जेवत होतं?"

महाराजांचं नाव निघालं की अण्णा चप्पल काढून बोलतात. पण आक्षेप तो आक्षेप. "महाराजांनी आधी राधानगरीचं धरण काढलं. मग थेटर. आधी!"

"काढलं आधी," मास्तर म्हणाले, "पण पुरं कुठलं आधी झालं? थिएटर 1915 ला उभं. महाराज 1922 ला गेले तेव्हा धरण अर्धंच होतं. ते पुरं व्हायला देश स्वतंत्र व्हावा लागला. तुमच्या डायरीनं चालायचं तर कोल्हापूरनं तोवर नाटकच बघायचं नव्हतं. महाराजांनी वसतिगृहं काढली, 1917 ला प्राथमिक शिक्षण सक्तीचं आणि मोफत केलं, आणि या सगळ्यात कुस्त्यांचं खासबागही बांधलं. त्यांच्याकडं डायरी नव्हती वाटतं?"

अण्णांनी बशी खाली ठेवली. "महाराजांची गोष्ट वेगळी. त्यांचा पैसा खाली झिरपत होता. आताचा वरच्यावर आटतोय."

यावर मात्र मास्तरही गप्प झाले, कारण ते खोटं नव्हतं. तरी जाता जाता त्यांनी एक चिमटा काढलाच. 1921 साली केशवराव आणि बालगंधर्व यांनी मुंबईत संयुक्त 'मानापमान' केलं, ते टिळक स्वराज्य फंडासाठी. म्हणजे नाटकवाले देशाच्या तिजोरीत भर घालत होते. अण्णा म्हणाले, "पावती दाखवा."

असा हा गडी. गेल्या पावसाळ्यात त्याच गाड्यावर करवीर तालुक्यातला एक म्हातारा आला. हातात प्लास्टिकच्या पिशवीत कागद. सरकारची ज्येष्ठ कलावंतांसाठी मानधन योजना आहे, महिना पाच हजारांची; तिचा अर्ज भरायचा होता. कुणीतरी सांगितलं होतं, सरकारी कागद अण्णांनीच भरावा. म्हातारा जन्मभर शाहिराच्या मागं उभा राहून 'जी जी' करणारा झीलकरी. अण्णांनी चष्मा चढवला. कलेचा पुरावा मागितला. म्हाताऱ्यानं पिवळी पडलेली हँडबिलं पसरली. प्रत्येकावर शाहिराचं नाव ठसठशीत आणि पुढं 'आणि पार्टी'.

"यात तुमचं नाव कुठं हाय?"

"ही पार्टी म्हंजे मीच की."

फोटो होता एक. त्यातही डफाच्या मागं अर्धा कान दिसत होता. अण्णांनी आयुष्यभर अपुऱ्या पुराव्याची बिलं परत पाठवली होती. त्या दिवशी मात्र त्यांनी प्रतिज्ञापत्र कसं करायचं, उत्पन्नाचा दाखला कुठं मिळतो, गावातल्या कुणाकुणाचे जबाब जोडायचे, सगळं सांगितलं आणि त्या अर्ध्या कानाभोवती लाल पेनानं गोल केला. मानधनाचा आकडा वाचून तर भडकलेच. "पाच हजारात औषधं तरी येतात व्हय? आणि जिल्ह्यात वर्षाला शंभरच माणसं निवडणार? बाकीच्यांनी काय नंबर लागंपर्यंत जगायचं?"

डायरी टेबलावर उघडी पडली होती. चार नंबरावर गोरगरिबांचं रेशन, सतरावर कला. म्हातारा चारमध्येही होता आणि सतरामध्येही. एकाच माणसाला दोन रांगांत उभं करणारा हा घोळ लेखा विभागाच्या नजरेतून कसा सुटला, कोण जाणे.

म्हातारा पिशवी आवरत म्हणाला, "पैसं येतील तवा येतील. थेटर कवा उघडतंय?"

अण्णा घुटमळले. पेन काढून त्यांनी सतरा खोडून अकरा केलं. अनुदानाच्या इतिहासात एवढी बढती कुणाला मिळाली नसेल. म्हाताऱ्यानं विचारलं, "म्होरं धावर कोण हाय?"

"विमानतळाची धावपट्टी."

"म्हंजे आमी इमानाच्या मागं?"

"मागं."

"मागं हुबं ऱ्हायाची सवं हाय आमास्नी, अण्णा," म्हातारा म्हणाला. "पर म्होरं शाहीर तरी असावा. इमानाला काय झील द्याची?"

गाड्यावर हशा उसळला. अण्णा हसले नाहीत. त्यांनी धावपट्टी अकरावर टाकली, थेटर दहावर घेतलं आणि खाली सही-तारीख घालून शेरा मारला : 'तूर्त मान्य. आधी गटार.'