गाव कोणतं?

मुलाखतीला जाताना विषयाची तयारी करावी म्हणतात. मी शर्टाची केली. बी.एड.ला थॉर्नडाइक पाठ केला होता ना! लष्करी अधिकाऱ्यांना हाताखालचा माणूस अंगापिंडाने रुबाबदार वाटला, की तोच हुशार आणि भरवशाचाही वाटू लागतो, हे या अमेरिकन मानसशास्त्रज्ञाने 1920 सालीच दाखवून दिलं. 'हॅलो इफेक्ट', हमखास येणारी टीप. तेव्हा मावसभावाचा कडक इस्त्रीचा पांढरा शर्ट मागून आणला.

पाथर्डीहून नगर, तिथून गाडी बदलून नगर-मनमाड रस्ता. या रस्त्याविषयी थॉर्नडाइकने काही लिहिलेलं नाही. राहुरी येईपर्यंत शर्ट मुरमाच्या रंगाचा झाला.

शाळा जिल्ह्याच्या उत्तरेतली, कालव्याच्या पाण्यावरची. शिक्षक भरतीचं पवित्र पोर्टल 2017 सालचं, ते अजून यायचं होतं. आता मुलाखत आणि पाठ मिळून 30 गुण बांधून दिलेत. तेव्हा अध्यक्षांची मर्जी हेच शंभर.

"गाव कोणतं?"

"पाथर्डीकडचं."

अध्यक्षांनी चष्मा काढला. "आमच्या ट्रॅक्टरवरचा मुकादम तिकडचाच. दोन लाख उचल घेतली अन् टोळी आलीच नाही. उसाला तुरे फुटले उभ्या-उभ्या!"

मी उगाच मान खाली घातली. आमच्या घरात कोयता कोणी धरला नव्हता, पण त्या क्षणी दोन लाख मीच खाल्ल्यासारखं वाटलं. इतिहासाच्या तज्ज्ञांनी मला सावरायला अकबराची महसूल पद्धत विचारली. मी तोडरमलापर्यंत पोचतो तोच अध्यक्ष म्हणाले, "ते राहू द्या. वसुली कशी करायचा ते सांगा."

मग थोडं नरमून, "तुम्ही त्या मुकादमाचा पत्ता तेवढा काढा. मग बघू तुमचं."

शहाण्या माणसाला एवढ्यात उत्तर कळलं असतं. मी ती मुलाखतीची दुसरी फेरी समजलो. शर्ट धुतला, पुन्हा इस्त्री केली, प्रमाणपत्रांची फाईल काखेत मारली आणि विचारत विचारत मुकादमाच्या वस्तीवर पोचलो. तो ओट्यावर बसून तंबाखू मळत होता. त्याने आधी शर्ट पाहिला, मग फाईल पाहिली.

"कारखान्याचे साहेब आले गं! चहा टाक," असं आत ओरडून तो मागच्या दाराने जो तुरीत शिरला, तो चहा पिऊन झाला तरी परत आला नाही.