गुरुजींशी पटतं ना?

स्थळ पाहताना आपल्याकडे चौकशीची एक ठरलेली रीत आहे. मुलगा काय करतो, हे मुलाच्या वडिलांना विचारायचं. मुलगा कसा आहे, हे त्यांच्या बिल्डिंगखालच्या वाण्याला. लग्नाचा फोटोग्राफर ठरवताना मात्र हीच मुरलेली माणसं मोबाइलवर दोन रील्स बघतात, मागच्या सनईने विरघळतात आणि ॲडव्हान्स पाठवून मोकळी होतात. वास्तविक लग्नाच्या दोन दिवसांत नवरीच्या आसपास नवऱ्यापेक्षा हाच जास्त वेळ असतो. तिने कुठे उभं राहायचं, हनुवटी किती खाली घ्यायची, आईच्या गळ्यात पडून रडताना तोंड कुणीकडे ठेवायचं, सगळं तो सांगणार. तिला ‘वहिनी’ अशी पहिली हाक मारणाराही तोच. सप्तपदी अजून तीन महिन्यांवर असते, आणि प्रीवेडिंगसाठी कुठल्याशा धरणाच्या काठावर तो ओरडत असतो, “वहिनी, दादांकडे बघा. दादा, तुम्ही लांब बघा.” पुढच्या संसाराची इतकी अचूक तालीम कुणी फुकट देत नाही; हाही देत नाही.

तेव्हा चौकशी करावीच. पण कॅमेरा कुठला, असं विचारू नये. तो सांगेल आणि आपण “हं, हं” करू, एवढंच. माझ्या मते विचारायचा प्रश्न एकच आहे: याचं गुरुजींशी पटतं का?

कारण हल्लीच्या मांडवात सत्ता दोनच. गुरुजींच्या हातात मुहूर्त आणि फोटोग्राफरच्या हातात वधू-वर. लाजाहोम चाललेला असतो. नवरीच्या ओंजळीत लाह्या आहेत, मागून नवऱ्याचे हात आलेत, मंत्र संपत आलाय, आणि धुरापलीकडून आवाज येतो, “गुरुजी, एकच मिनिट, वन मोअर.” ओंजळ हवेत थांबते. लाह्या थांबतात. अग्नी तेवढा थांबत नाही. मुरलेले गुरुजी आता स्वतःच “स्वाहा”नंतर थबकतात आणि कॅमेऱ्याकडे बघून विचारतात, “झालं? घेऊ पुढे?” पण सगळेच गुरुजी मुरलेले नसतात. काहींचा पारा चढतो, आणि मग अल्बममध्ये प्रत्येक विधीच्या कडेला एक संतापलेला चेहरा कायमचा बसून राहतो.

जाणता फोटोग्राफर ओळखायचा कसा? तो आल्या आल्या स्टेजकडे नाही, गुरुजींकडे जातो. नमस्कार करतो आणि हळूच विचारतो, “गुरुजी, अंतरपाट कुठल्या बाजूला ओढणार?” या एका प्रश्नावर त्याला निम्मे पैसे तिथल्या तिथे द्यावेत. कारण शेवटचं ‘सावधान’ झालं की पुढे उणेपुरे दोन सेकंद. कापड सरकतं, वाजंत्री सुरू होते, अक्षतांचा मारा होतो, आणि त्याच क्षणी सगळे काका-मामा मोबाइल उंचावून पुढे सरसावतात. ज्याने आधीच स्टुलावर जागा धरली आहे त्याला दोघांची पहिली नजर मिळते. बाकीच्यांना काकांचा मोबाइल मिळतो आणि त्या मोबाइलमध्ये इवलीशी नवरी. कानपिळीचं तसंच. नवरीचा भाऊ येतो, लाजत लाजत मेहुण्याचा कान धरतो, पिळतो न पिळतो तोच सोडतो आणि पाकीट घेऊन पळतो. ज्याला हा विधी ठाऊक नाही तो तेवढ्यात लेन्स बदलत असतो. मग भावाला परत बोलावतात. दुसऱ्यांदा पिळलेला कान फोटोत ओळखू येतो. नवरदेवाला तो खरंच दुखलेला असतो.

पूर्वी हे एवढं नव्हतं. एका रोलमध्ये छत्तीस फोटो. लग्नाला दोन-तीन रोल, म्हणजे फार झालं. त्यामुळे फोटोग्राफर हात राखून असे आणि आत्याबाईंच्या यजमानांच्या चुलतभावाने “आमचा एक घ्या हो” म्हटलं की नुसता फ्लॅश मारून त्यांना खूश करत असे. लखलखाट व्हायचा, मंडळी समाधानाने पंगतीकडे जायची. त्या फोटोची कुणी कधी चौकशी केल्याचं ऐकिवात नाही. व्हिडिओ आला तशी हॅलोजन धरणारा पोरगा आला. तो दिवा जेवणाऱ्यांच्या तोंडावर आला की घासच्या घास तोंडाशी थबकायचे. आता फ्लॅश रिकामा मारावा लागत नाही. एका लग्नाचे चार-पाच हजार फोटो निघतात आणि तेही कुणी बघत नाही.

मुहूर्तांची गोष्टही समजून घ्यायला हवी. तुळशीचं लग्न लागलं की माणसांची सुरू होतात. चांगल्या तिथीला गावातली सगळी कार्यालयं भरलेली आणि एकाच स्टुडिओकडे त्या दिवसाची तीन लग्नं. “तुम्ही स्वतः येणार ना?” असं विचारलं की “काका, काळजीच करू नका, टीम येईल” हे उत्तर येतं. हे उत्तर नव्हे. ज्याचं काम बघून आपण भुललो तो गृहस्थ तेव्हा दुसऱ्याच मांडवात असणार आणि आपल्याकडे त्याचा मावसभाऊ. म्हणून कोण येणार ते नावानिशी लिहून घ्यावं. आणि निवडक वीस फोटोंवर जाऊ नये. एखाद्या साध्या कार्यालयातलं, साध्या चेहऱ्यांचं अख्खं लग्न दाखवा म्हणावं, पंगतीसकट. डेकोरेटरने स्टेजवर जांभळे दिवे सोडले की गोरीपान नवरीही जांभळी दिसते आणि हळदीचा रंग कुठल्या कुठे जातो. त्यात हा काय करतो, ते तिथेच कळतं. गंमत म्हणजे आपल्या पूर्वजांनी गोरज मुहूर्त काढला तो नेमका मावळतीच्या वेळचा. त्या सोनेरी उजेडासाठी फोटोग्राफर जीव टाकतात. आणि आपण त्या वेळी जाड पडदे ओढून एसी हॉलमध्ये बसलेले असतो.

व्यवहाराचं थोडक्यात. पैसे तीन हप्त्यांत, शेवटचा अल्बम हातात आल्यावर. कॅमेऱ्यात दोन कार्डं असतात का आणि दोन्हींवर फोटो उतरतात का, हे विचारायला लाजू नये. एक कार्ड बिघडलं तर लग्न पुन्हा लावता येत नाही. कॉपीराइट कायदा १९५७चा आहे. त्यानुसार पैसे देऊन काढून घेतलेल्या फोटोंचा पहिला हक्क पैसे देणाऱ्याचा, उलट करार नसेल तर. हा ‘उलट करार’ बहुधा कोटेशनच्या तळाशी बारीक अक्षरांत असतो. तो वाचला नाही, तर मुलीची पाठवणी दुसऱ्याच कुणाच्या जाहिरातीत रडताना दिसू शकते. आणि टीमला जेवण पहिल्या पंगतीला. जेवणाऱ्यांचे फोटो कुणालाच नको असतात, आणि उपाशी माणसाकडून विहिणींच्या पंगतीतले उखाणे टिपले जात नाहीत.

राहता राहिला कँडिड की ट्रॅडिशनल हा वाद. कँडिड म्हणजे ज्यात कुणीच कॅमेऱ्याकडे बघत नाही आणि ज्याचे पैसे जास्त. ट्रॅडिशनल म्हणजे सगळे ओळीत उभे राहून बघतात ते. तरुण मंडळी दुसऱ्याला नाकं मुरडतात. त्यांनी खुशाल मुरडावीत, पण ट्रॅडिशनलवाला सांगावाच. त्याची किंमत विवाह नोंदणीच्या दिवशी कळते. त्या अर्जावर नवरा-नवरी आणि तीन साक्षीदारांच्या सह्या लागतात, लग्न लावणाऱ्या गुरुजींची लागते, आणि सोबत पत्रिका व लग्नविधीचा एक फोटो. मग जोडपं लॅपटॉप उघडून बसतं. पहिल्या फोटोत मेंदीचा हात. दुसऱ्यात नवरदेवाची पाठ आणि पलीकडे धूसर दिवे. तिसऱ्यात दोघंही आहेत, पण तांब्याच्या कलशात, उलटे. गळ्यात हार, दोन्ही चेहरे समोर, असा फोटो चार हजारांत नाही. अखेर तो मामाच्या मोबाइलमध्ये सापडतो: वधू, वर, गुरुजी आणि उजव्या कडेने आत घुसलेलं फोटोग्राफरचं कोपर. खिडकीपलीकडचे साहेब चष्मा वर करून बघतात, कोपराकडे जरा जास्तच वेळ बघतात आणि शिक्का उचलतात.