डायलला हात लावू नका

कपाटात आजोबांचं जुनं फेवर-ल्यूबा घड्याळ सापडलं की आमची माणसं पहिलं काम कोणतं करतात? डायल रंगवून आणतात. मला याचा मनापासून राग येतो.

कंपनी स्वित्झर्लंडची, 1737 सालची, पण 1865 पासून मुंबईत तिचा व्यवहार होता. त्यामुळे तिची घड्याळं आपल्याकडच्या घराघरांत पोचली. पाणबुड्यांसाठीची मात्र मोजकीच. 1964 चं 'डीप ब्लू' 200 मीटरपर्यंत टिकणारं. 1968 चं 'बाथी' तर मनगटावर थेट खोली दाखवायचं: मागच्या झाकणाच्या भोकांतून पाणी शिरायचं, पातळ पडद्यावर दाब पडायचा आणि एक वेगळा काटा 50 मीटरपर्यंतची खोली सांगायचा. आमच्या नवेगाव बांधच्या तळ्यात जाळं टाकणाऱ्या ढिवराला जे बांबूने कळतं, ते काट्यावर आणायला त्या कारागिरांनी केवढी बुद्धी लावली असेल!

आणि अशा घड्याळावर आपण ब्रश फिरवायचा?

मुंबईत रंगवलेली डायलं जगभरच्या संग्राहकांत बदनाम आहेत. कंपनीने कधी काढलेच नाहीत असे भडक रंग, जाडी वाकडी अक्षरं, खुणांशी न जुळणाऱ्या मिनिटांच्या रेघा. साधं भिंग लावा, लगेच दिसतं. दुसरी परीक्षा अंधारात. साठच्या दशकात काट्यांवर ट्रिशियम लावू लागले, ते साधारण 12 वर्षांत निम्मं होतं. म्हणजे त्या काळचं घड्याळ आज रात्री लखलखत असेल, तर लेप नवा आहे. पिवळा पडलेला, विझलेला लेपच खरा. संग्राहक पैसे मोजतो ते त्यालाच.

दुरुस्तीला माझी हरकत नाही. कोलू पाटील कोहळींनी घातलेल्या आमच्या नवेगावच्या बांधाचीही डागडुजी होते, पण तो खणून कुणी नवा घालत नाही. तेलपाणी करा, स्प्रिंग बदला, काच बदला. रबराची रिंग तर बदलाच. जुनी कडक होते, आणि मग डायलवर 200 मीटर लिहिलेलं घड्याळ बादलीतही पाणी पितं.

दुकानदारांकडे माझी एकच मागणी आहे. डायल रंगवलेलं असेल, तर बिलावर तसं लिहून द्या.