गोटे घासण्याची शास्त्रशुद्ध पद्धत

घरच्या घरी दगड घासून चकचकीत करण्याचा छंद कोणालाही जडू शकतो. आमच्या दादाला तो निवृत्तीनंतर आठव्या दिवशी जडला. दादा पस्तीस वर्षं शाळेत शिक्षक होता आणि मुलांच्या वह्यांवर लाल शाईनं ‘पुन्हा लिहा’ असा शेरा मारण्याबद्दल पंचक्रोशीत प्रसिद्ध होता. वह्या संपल्या, तेव्हा त्यानं दगड हाती घेतले. गेली तीन वर्षं मी या उद्योगात हमाल, मदतनीस आणि दोनदा आरोपी होतो. त्या अधिकारानं हे मार्गदर्शन लिहितो आहे.

नियम पहिला, यंत्राचा. दोन आडवे दांडे घ्यावेत. त्यातला एक मोटरनं फिरावा. दांड्यांवर झाकणाचा डबा आडवा ठेवावा, म्हणजे तोही फिरतो, आतले दगड एका बाजूनं वर चढतात आणि एकमेकांवरून घसरत खाली येतात. ‘घसरत’ या शब्दाखाली दादानं रेघ मारायला सांगितली आहे. डबा फार जोरात फिरला तर दगड घसरत नाहीत, आपटतात आणि त्यांच्या अंगावर नखाएवढ्या चंद्रकोरी उमटतात. आमचा डबा म्हणजे चार इंची पीव्हीसी पाइपचा तुकडा, आतून ट्रकच्या जुन्या ट्यूबचं अस्तर, आणि मोटर भंगार बाजारातून आणलेली, कुठल्याशा गाडीच्या वायपरची. मिनिटाला ४०-५० फेरे पुरतात. अस्तर आवाज कमी करण्यासाठी असतं. अस्तर नसेल तर शेजारी तक्रार घेऊन येतात. आमच्याकडे अस्तर असूनही आले.

नियम दुसरा, दगडांचा. इथं महाराष्ट्रातला माणूस जन्मतः श्रीमंत आहे. सुमारे ६ कोटी ६० लाख वर्षांपूर्वी इथं लाव्हाचे थरावर थर पसरले. त्यातल्या वायूच्या बुडबुड्यांच्या पोकळ्या राहिल्या, पुढं झिरपत्या पाण्यानं त्यात सिलिका आणून भरली, आणि अकीक, कॅल्सेडनी, जॅस्पर, स्फटिक असा ऐवज तयार झाला. आम्ही सगळ्यालाच ‘गारा’ म्हणतो. सिन्नर तालुक्यातल्या आमच्या शेतात नांगरट झाली की पहिल्या पावसात त्या धुऊन वर येतात, आणि वाटेकरी त्या बांधावर फेकून देतो. घोड नदीकाठच्या इनामगावला तीन हजार वर्षांपूर्वीचे शेतकरी याच दगडाची धारदार पाती काढत असत, हे मी वाटेकऱ्याला सांगून पाहिलं. त्यानं मला चहा पाजला.

काळा पाषाण मात्र घेऊ नये. त्यातून किल्ले होतात, देवळं होतात, पाटे-वरवंटे होतात, पण डब्यात त्याचं काही होत नाही. त्याच्या बारीक भोकांत दगड घासायची भरड पावडर दडून बसते आणि महिन्यानं, बरोबर शेवटच्या दिवशी, बाहेर पडते.

नियम तिसरा सगळ्यांत महत्त्वाचा: डब्यातले सगळे दगड सारख्या कडकपणाचे हवेत. फ्रीड्रिश मोस नावाच्या खनिजशास्त्रज्ञानं १८१२ साली कडकपणाची दहा पायऱ्यांची शिडी मांडली. आपल्याकडे ‘दगडापेक्षा वीट मऊ’ एवढी दोनच पायऱ्यांची होती आणि तेवढ्यावर संसार चालले होते. मोसच्या शिडीवर अकीक आणि स्फटिक सातच्या आसपास, अपोफिलाइट साडेचार-पाच, स्टिल्बाइट चाराच्या जरा खाली, कॅल्साइट तीन. सिन्नरजवळ ‘गारगोटी’ नावाचं खनिजांचं संग्रहालय आहे. तिथं झिओलाइटचे गुच्छ बघून माणूस वेडा होतो. ते बघावेत आणि हात मागं बांधून घरी यावं.

मी हात बांधले नाहीत. एका विहिरीच्या मुरुमाच्या ढिगावर मला हिरवट अपोफिलाइटचा सुपारीएवढा खडा सापडला होता. तो मी दादाला न सांगता अकिकांच्या डब्यात टाकला. आठवड्यानं दादानं डबा माझ्यासमोर परातीत उपडा केला, राखाडी चिखलाकडे बोट दाखवलं आणि म्हणाला, “शोध.”

परीक्षा सोपी आहे. दगडानं काचेवर ओरखडा उठला तर तो बहुधा चालेल. चाकूनं दगडावरच ओरखडा उठला तर चालणार नाही. खरवडलेल्या भुकटीवर लिंबू पिळून बुडबुडे आले, तर तो कॅल्साइट. काच मात्र फुटक्या बाटलीची घ्यावी. वहिनींच्या माहेरच्या सेटमधली वाटी घेऊ नये. (आरोप पहिला.)

नियम चौथा दादानं केलेला आहे आणि मला मान्य नाही, म्हणून गाळला.

भरणं. डबा दोन तृतीयांश ते पाऊण भरावा. सगळे मोठेच दगड नकोत. लहान गारा मधल्या फटीत शिरून खरं काम करतात, जसं कुठल्याही कचेरीत होतं. पाणी दगडांच्या माथ्याच्या जरा खाली. किलोभर दगडांना ८० नंबरच्या, म्हणजे भरड, सिलिकॉन कार्बाइड पावडरीचे चार मोठे चमचे. झाकण लावण्याआधी डब्याची कड पुसावी. एक कण अडकला तरी गळतं.

मग आवाज ऐकावा. हे कुठल्या पुस्तकात नीट सांगितलेलं नसतं. डबा नीट भरला असेल तर पावसाळ्यात पन्हाळीतून पाणी पडावं तशी एकसुरी खळखळ येते. टणटण आलं तर दगड कमी पडले. काहीच आलं नाही तर डबा जास्त भरला किंवा आतला चिखल घट्ट झाला, म्हणजे थोडं पाणी घालावं. दादा रात्री दोन वाजता झोपेतून उठून “पाणी आटलंय” म्हणतो आणि गॅलरीत जातो. त्याचा रक्तदाब तपासणारे डॉक्टर याला निद्रानाश म्हणतात. पहिले एक-दोन दिवस झाकण उघडून आतली हवाही सोडावी, काही दगडांमुळे डब्यात वायू साठतो. आमचं झाकण एकदा पहाटे उडालं. खालच्या मजल्यावर पांढरे कपडे वाळत होते. याहून जास्त लिहीत नाही.

आता पहिली फेरी. एकूण चार: भरड, मध्यम, बारीक आणि पॉलिश. प्रत्येकीला साधारण आठवडा, रात्रंदिवस. शास्त्र असं सांगतं की भरड फेरीत जी खोच, जी चीर राहिली ती पुढं कधीच जात नाही. नंतरच्या फेऱ्या फक्त आधीच्या फेरीचे ओरखडे बारीक करतात. म्हणून भरड फेरीनंतर एकेक दगड उजेडात फिरवून बघायचा आणि ज्यात खोच दिसेल तो परत घालायचा. हे खरं आहे. पण हे आमच्या दादाच्या हाती लागायला नको होतं.

पस्तीस वर्षं ज्यानं दुसऱ्यांच्या वहीत चूक शोधली, त्याला दगडात खोच सापडणार नाही? रविवारी सकाळी डबा उघडतो, भिंग लावतो, गारा एकेक उचलतो, आणि सगळ्या परत. “अजून एक आठवडा.” तीन वर्षांत त्याच्या हातून एकही दगड दुसऱ्या फेरीला गेला नाही. अंड्याएवढा एक पट्ट्यापट्ट्यांचा अकीक होता. त्यातल्या खोचेमागं तो पावणेदोन वर्षं लागला. गेल्या दिवाळीत खोच गेली. अकीक चिंचोक्याएवढा उरला होता आणि पट्टे खोचेबरोबरच गेले.

मी भांडलो नाही. लहानपणी गोधडीत शिरून त्यानंच मला दोन गारगोट्या एकमेकींवर घासून दाखवल्या होत्या. अंधारात त्यांच्या आत पिवळसर उजेड पेटतो आणि जळका वास येतो. मी पेंगायला लागलो तरी तो म्हणायचा, “थांब, अजून एकदा.” तेव्हाही हेच होतं, आता लक्षात येतं.

चिखलाबद्दल. घासून उरलेला राखाडी गाळ मोरीत किंवा बेसिनमध्ये ओतू नये. तो पाइपात बसतो आणि दगड होतो. बादलीत निवळू द्यावा, वरचं पाणी झाडाखाली, तळचा लगदा वाळवून कचऱ्यात. आमच्याकडे आलेल्या प्लंबरनं पाइप कापून आतला साचा बाहेर काढला आणि विचारलं, “सिमेंट कोणी ओतलं?” (आरोप दुसरा. इथं मी खरंच निर्दोष आहे.)

एक गोष्ट मात्र चेष्टेवारी नेऊ नये. दगड कोरडा घासू किंवा कापू नये, वाळलेली भुकटी झाडू नये, फुंकू तर मुळीच नये. ओल्यानंच काम करावं. गुजरातेत खंभातला अकिकाचे मणी घडवणारे कारागीर पिढ्यान् पिढ्या ही धूळ छातीत घेत आले आणि सिलिकोसिसनं गेले. आपला छंद आहे. त्यांचं पोट होतं.

पॉलिश. गेल्या वर्षी दादा लेकीकडे बंगळूरला गेला. दहा दिवसांसाठी. मी डबा ताब्यात घेतला आणि तीन आठवड्यांच्या तिन्ही फेऱ्या नऊ दिवसांत उरकल्या. २२० नंबर, मग ५००, मग काचेला पॉलिश करणारे वापरतात ते सेरियम ऑक्साइड. मध्ये दगड धुतले, पण सगळ्या फेऱ्यांना ब्रश एकच. डबा उघडला तेव्हा गारा अशा लखलखल्या की मी फोटो काढून नातेवाइकांना पाठवले. तासाभरानं त्या वाळल्या. ओला असला की रस्त्यावरचा धोंडाही चमकतो. पारख कोरड्यावर करावी, आणि प्रत्येक फेरीला वेगळा ब्रश ठेवावा. दादानं परत आल्यावर गारा खिडकीशी नेल्या, भिंगातून ओरखडे मोजले, काही बोलला नाही. डब्यात ८० नंबरची पावडर टाकल्याचा आवाज आला.

त्यातून एकच सुटला. लाल जॅस्परचा तो गोटा आईनं आधीच उचलून देवघरात ठेवला होता. आमच्या पंचायतनात गणपतीचा म्हणून शोण नदीचा लाल दगड असायचा, तो मागं घर बदलताना हरवला. दादा भिंग घेऊन देवघरापर्यंत गेला. म्हणाला, “आई, डाव्या बाजूला खोच आहे. एक आठवडा दे फक्त.”

“देव डब्यात फिरवायचा नसतो,” आई म्हणाली, आणि त्याच्यावर पळीभर पाणी घातलं. ओला झाल्यावर तो छान दिसतो, आणि आई त्याला रोज सकाळी ओला करते.

वाचकांपैकी कोणाच्या शेतात विहिरीचं किंवा शेततळ्याचं काम निघालं, तर बांधावरच्या गारा फेकू नयेत, कळवावं. वाहतूक खर्च आम्ही देऊ. काचेवर ओरखडा उठतो की नाही तेवढं बघून पाठवावं. पॉलिश करून परत हवे असतील, तर मात्र दादाला सांगू नये.