साहेबांच्या डायरीत लासलगाव नाही

देशाच्या वतीने व्यापार करारांची बोलणी करणारा बडा अधिकारी दिवसभर करतो तरी काय? तुम्ही म्हणाल, आम्हाला त्याच्याशी काय करायचंय? नाशिकशी आम्हाला काय करायचंय, असं तिकडेही कुणीतरी म्हणत असेलच.

तरी हा माणूस नाशिककरांनी ओळखून असावा. आपला कांदा, आपली द्राक्षं, आपली वाईन आणि हल्ली आपला मकासुद्धा त्याच्या टेबलावर असतो. नसतो तो फक्त नाशिककर.

तेव्हा साहेबांचा एक दिवस बघूया. वेळा आमच्या अंदाजाच्या आहेत. तारखा मात्र सरकारी आहेत.

सकाळी नऊ. दिल्लीतलं वाणिज्य भवन. २०२२ च्या जूनमध्ये उद्घाटन झालेली देखणी इमारत. साहेब येतात, कात्रणं चाळतात. वॉशिंग्टन काय म्हणालं, ब्रुसेल्स काय म्हणालं. लासलगाव काय म्हणालं याचं कात्रण त्यात कधी येतं? भाव चढले की. पडले, तर ती बातमी जिल्हा पानाची.

त्याच वेळी लासलगावच्या कांदा बाजारात ट्रॅक्टरच्या रांगेत लिलाव सुरू झालेला असतो. तिथे बोली लागायला काही सेकंद पुरतात.

साहेबांना वर्षं लागतात.

सकाळी अकरा. मसुद्याची बैठक. करारातल्या ज्या शब्दांवर एकमत नाही, ते चौकटी कंसात ठेवायची आंतरराष्ट्रीय पद्धत आहे. एकेक कंस काढत जायचं, याचंच नाव वाटाघाटी. स्वित्झर्लंड, नॉर्वे, आइसलँड आणि लिश्टेनस्टाइन या चार देशांच्या एफ्टा गटाशी बोलणी सुरू झाली २००८ मध्ये. २१ फेऱ्या झाल्या, १० मार्च २०२४ ला सह्या झाल्या आणि करार लागू झाला १ ऑक्टोबर २०२५ ला. लिश्टेनस्टाइनची लोकसंख्या आपल्या एखाद्या मोठ्या गावाएवढी. पण घाई कुणाला होती?

युरोपीय महासंघाची गोष्ट तर द्राक्षबागायतदारांनी बसून ऐकावी. बोलणी सुरू २००७ मध्ये. २०१३ मध्ये ठप्प. २०२२ मध्ये पुन्हा सुरू. वाटाघाटी पूर्ण झाल्याची घोषणा २०२६ च्या जानेवारीत. तोवर आपल्या द्राक्षांना युरोपात ८ टक्के आयात शुल्क. चिली आणि पेरूची द्राक्षं शुल्काविना आत. द्राक्षबागेचं आयुष्य साधारण पंधरा वर्षांचं. म्हणजे बोलणी सुरू झाली तेव्हा दिंडोरीत लावलेली बाग करार होण्याआधीच तोडून झाली.

ब्रिटनशी बोलणी २०२२ च्या जानेवारीत सुरू झाली आणि त्याच वर्षीच्या दिवाळीचा वायदा झाला. दिवाळ्या येऊन गेल्या, लंडनमध्ये पंतप्रधान बदलत राहिले. अखेर सह्या झाल्या २४ जुलै २०२५ ला. कराराने स्कॉचवरचं १५० टक्के शुल्क आधी ७५ वर येणार, मग दहा वर्षांत ४० वर. सह्यांच्या दिवशी आपल्याकडे तिथी कोणती होती? आषाढ अमावास्या.

गटारीचा मुहूर्त साधणाऱ्या सरकारला परंपरेचं भान नाही, असं कोण म्हणेल?

दुपारी एक. पाहुण्यांबरोबर जेवण. कामाचंच. जेवणाचा विषय निघालाच आहे, तर २०१९ आठवा. २९ सप्टेंबरला भारताने कांदा निर्यात बंद केली. पाचच दिवसांनी बांगलादेशच्या तेव्हाच्या पंतप्रधान शेख हसीना दिल्लीत व्यापाऱ्यांच्या सभेत बोलायला उभ्या राहिल्या. आपण आचाऱ्याला सांगून टाकलंय, स्वयंपाकात कांदा घालू नकोस, अशा अर्थाचं त्या हसत हसत म्हणाल्या. सभागृहही हसलं. मग त्यांनी एक साधी मागणी केली. बंदी घालायची तर आधी कळवत जा.

मागणी रास्त होती. पुढच्याच वर्षी, १४ सप्टेंबर २०२० ला, पुन्हा बंदी आली.

आधी कळवून? छे!

त्या वेळी शरद पवार वाणिज्य मंत्री पीयूष गोयल यांना भेटले. बाहेर येऊन पवारांनी सांगितलं ते असं, की बंदीचा प्रस्ताव ग्राहक व्यवहार खात्याकडून आला होता. म्हणजे निर्यात वाढवायचं खातं हात झटकून मोकळं. महिनाभरात ग्राहक व्यवहार खातंही गोयलांकडेच आलं आणि २०२४ च्या जूनपर्यंत त्यांच्याकडेच राहिलं. माल बाहेर पाठवायचा तेही एकच मंत्री, माल आत अडवायचा तेही तेच. बोट दाखवायला दुसरं दालन उरलं नाही.

तरी बंदी थांबली का? पुढे वाचा.

दुपारी तीन. परदेशी शिष्टमंडळ. अमेरिकेने २०२५ च्या ऑगस्टमध्ये आपल्या मालावर ५० टक्के शुल्क लावलं. १६ सप्टेंबरला त्यांचे वाटाघाटीप्रमुख ब्रेंडन लिंच एका दिवसासाठी दिल्लीत आले. दिवसभर चर्चा झाली आणि निष्कर्ष निघाला की चर्चा सकारात्मक झाली. लासलगावच्या एखाद्या व्यापाऱ्याने शेतकऱ्याला सांगून बघावं, भाव ठरला नाही पण आपली चर्चा सकारात्मक झाली. ट्रॅक्टर तिथेच आडवा लागेल.

अमेरिकेला काय हवं? त्यांचा मका, त्यांचा सोयाबीन, त्यांचं दूधदुभतं आपल्याकडे यायला हवं. साहेब नाही म्हणतात, आणि ठाम नाही म्हणतात. येवला-मालेगावकडे खरिपात मक्याशिवाय काय दिसतं? तेव्हा या ठाम नकाराबद्दल साहेबांचे आभार. मनापासून.

वाईनचंही तसंच. २०२२ च्या ऑस्ट्रेलिया करारात शुल्कसवलत मिळाली ती ५ डॉलरच्या वरच्या बाटल्यांना. स्वस्तातली परदेशी वाईन नाशिकच्या वाईनच्या मुळावर येणार नाही, एवढी काळजी घेतली गेली. म्हणजे दिल्लीला नाशिक ऐकू येतच नाही, असं नाही.

फक्त कांद्याच्या वेळी लाइन कट होते.

संध्याकाळी सात. हा कार्यक्रम साहेबांच्या डायरीत नसतो. याच वाणिज्य भवनात विदेश व्यापार महासंचालनालयाचं कार्यालय आहे. तिथून दोन पानांची अधिसूचना निघते. ना फेऱ्या, ना मसुदा, ना चौकटी कंस. एका मजल्यावर दार किलकिलं करायला सोळा वर्षं, दुसऱ्या मजल्यावर ते लावून घ्यायला एक संध्याकाळ.

२०२३ चंच बघा. १९ ऑगस्टला कांद्यावर ४० टक्के निर्यात शुल्क, तेवढं अर्थखात्याचं. ऑगस्टच का? कारण चाळीत साठवलेला उन्हाळ कांदा चार पैसे मिळतील म्हणून बाहेर काढायचा तोच मोसम. बाजार समित्यांत लिलाव बंद पडले. मग नाफेड आणि एनसीसीएफ या सहकारी संस्था २,४१० रुपये क्विंटलने दोन लाख टन घेणार, अशी घोषणा झाली. तेव्हाचे उपमुख्यमंत्री फडणवीस यांनी ती आपल्यापर्यंत पोचवली जपान दौऱ्यावरून. निफाडच्या कांद्याचा भाव निफाडला कळायचा, तर एवढा वळसा हवाच.

२८ ऑक्टोबरला किमान निर्यात मूल्य टनाला ८०० डॉलर. त्यानेही पोट भरलं नाही. ७ डिसेंबरला सरळ बंदी.

बंदीत सवलत होती हो! अधिसूचनेआधी जहाजात चढलेला, किंवा कस्टमच्या ताब्यात गेलेला कांदा जाऊ शकत होता. पण पिंपळगावहून निघून कसाऱ्याच्या घाटात असलेल्या कंटेनरचं काय? तो वळवा आणि घरी या. ११ डिसेंबरला चांदवडला मुंबई-आग्रा महामार्ग अडला, पवार स्वतः रस्त्यावर उतरले. अधिसूचना जागची हलली नाही.

आता गंमत ऐका. बंदी चालू असतानाच, २०२४ च्या फेब्रुवारीअखेर अबुधाबीत जागतिक व्यापार संघटनेची मंत्रिपरिषद भरली. एक दिवस वाढवूनही धड निकाल लागला नाही. आपले मंत्री, आपले साहेब तिथे शेतकऱ्यांसाठी जोरात भांडत होते. सरकारी धान्यसाठ्याच्या प्रश्नावर कायमचा तोडगा हवाच, असा आग्रह होता. आग्रह योग्यच होता.

पण ज्यांच्यासाठी भांडण, त्यांतले काही इथे चाळीला कुलूप लावून बसले होते, त्याचं काय?

जागतिक व्यापाराचा नियम असा, की निर्यातबंदी सहसा घालायची नाही. अपवाद आहे तो अन्नाच्या तीव्र टंचाईचा, आणि तोही तात्पुरता. आपली तात्पुरती बंदी २०१९, २०२० आणि २०२३ अशी आली. एवढ्या नेमाने तर एसटीसुद्धा येत नाही.

मग लोकसभेची निवडणूक आली. २५ एप्रिल २०२४ ला दोन हजार टन पांढऱ्या कांद्याला परवानगी मिळाली. कुठल्या? गुजरातच्या. नाशिकचा लाल कांदा आणखी लाल झाला, तेव्हा दोन दिवसांनी खुलासा आला की सहा देशांना ९९,१५० टनांची मुभा दिली आहे. ४ मे रोजी बंदी उठली. ती उठली म्हणजे कशी? टनाला ५५० डॉलरचं किमान मूल्य आणि ४० टक्के शुल्क लावून. दार उघडलं, साखळी काढली नाही.

१५ मे रोजी पिंपळगाव बसवंतला पंतप्रधानांच्या सभेत गर्दीतून आवाज आला: कांद्यावर बोला. २० मे रोजी मतदान झालं. दिंडोरीत केंद्रात राज्यमंत्री असलेल्या भारती पवार पडल्या, नाशिकची जागाही गेली.

जिल्ह्याने आपली अधिसूचना काढली. तीही आधी न कळवता.

मग विधानसभेच्या तोंडावर, १३ सप्टेंबर २०२४ ला, किमान मूल्य गेलं आणि शुल्क २० टक्क्यांवर आलं. १ एप्रिल २०२५ पासून तेही शून्य. म्हणजे उन्हाळ कांद्याचे ढीग लागले, भाव उतरले, तेव्हा निर्यात पूर्ण मोकळी. भाव होता तेव्हा परवानगी नव्हती, परवानगी आली तेव्हा भाव नव्हता. आणि गिऱ्हाईक? बांगलादेशाने मधल्या काळात पाकिस्तान, चीन अशी इतर दुकानंही पाहून ठेवली. वारंवार शटर खाली ओढणाऱ्या दुकानदाराकडे कोण महिन्याचं खातं ठेवतं?

शहरातल्या गिऱ्हाइकाला कांदा परवडला पाहिजे, हे आम्हालाही मान्य. पण ती स्वस्ताई सरकारी तिजोरीतून करा की. दर वेळी चाळीतूनच का?

रात्री अकरा. साहेब विमानतळावर. ब्रीफकेसमध्ये भाषण आहे: भारत हा भरवशाचा पुरवठादार देश आहे. समोरचा मान डोलावतो. त्याच्याकडेही २०१९, २०२० आणि २०२३ ची कात्रणं असतात. साहेब हुशार आहेत, मेहनती आहेत, रात्रीची झोप विमानात काढतात. पण आपल्याच इमारतीतून आपलंच भाषण खोटं पाडलं जात असेल, तर बिचाऱ्यांनी बोलायचं कशाच्या जोरावर?

म्हणून एक सूचना, फुकट. ओझरचं विमानतळ जवळच आहे आणि दिल्लीहून थेट विमान येतं. जिनिव्हाच्या भत्त्याच्या मानाने खर्च किरकोळ. साहेबांनी वर्षातून एकदा लासलगावच्या लिलावात उभं राहावं आणि येताना अधिसूचना काढणाऱ्या शेजारच्या साहेबांनाही घेऊन यावं. द्राक्षाचा हंगाम असेल, तर पाहुणचार चांगला होईल.

मागणीही एकच आहे, तीही जुनी. निर्यातीचा जो काही नियम करायचा तो लागवडीआधी सांगा आणि तो कांदा विकून होईपर्यंत बदलू नका. शेजारच्या देशाच्या पंतप्रधानांनी एवढंच मागितलं होतं. त्यांना मिळालं नाही, मग नैताळ्याच्या शेतकऱ्याला कोण विचारतो?

तोवर कांदा लावणाऱ्यांनी हवामान खात्याबरोबर सरकारी राजपत्रही रोज उघडून बघत जावं. पाऊस निदान ढग दाखवून तरी येतो.