उसनवारीची वही

आमच्या कडेगाव-विटा भागात पोरगं स्वतःच्या पायावर कधी उभं राहणार, हा प्रश्न पूर्वी कुणाला पडत नसे. दुष्काळी मुलूख, घरी थांबून करणार काय? मिसरूड फुटायच्या आत एखादा गलाईवाला पाहुणा त्याला बरोबर घेऊन जायचा. पत्र्याची पेटी, त्यात दोन कपडे आणि शेंगदाण्याच्या चटणीची पुडी. जिथं सराफ पेठ, तिथं आमच्याकडच्या माणसाची भट्टी. मग ते गाव तमिळनाडूत असो नाहीतर बंगालात. जुनं सोनं-चांदी आटवायचं, तेजाबात शुद्ध करायचं आणि रात्री शेठच्याच दुकानात पथारी टाकायची. माझे थोरले चुलतभाऊ असेच गेले. चार वर्षांनी आले ते तमिळ बोलत आणि आजीसाठी बोरमाळ घेऊन. आजीनं आधी बोरमाळ पाहिली, मग नातू.

आता टेंभू उपसा योजनेचं पाणी आलं, ऊस आला, आणि आमचे चिरंजीव हिंजवडीला गेले. वय सव्वीस. पगार पुण्यात होतो, खर्च मात्र अजून कडेगावला निघतो. खोलीचं डिपॉझिट मी भरलं, मोटारसायकलचा विमा मी भरतो. शिवाय दर पंधरा दिवसांनी पिशवी जाते: शाळूचं पीठ, तूप, चटणी. पिशवी हिशेबात धरायची नाही, असा त्याच्या आईचा हुकूम आहे.

एकदा न राहवून म्हणालो, "आपल्याच तालुक्यातल्या सोनसळचे पतंगराव कदम. १९६४ साली पुण्यात भारती विद्यापीठ काढलं. वय किती? वीस!"

"पप्पा, तुम्ही विसाव्या वर्षी काय काढलं होतं?"

मी डीएड काढलं होतं. तेही वडिलांनी गाय विकून. विषय तिथंच मिटला.

शेवटी मास्तरकीचा उपाय केला. वही घातली. तारीख, रक्कम, कारण, परत, असे चार रकाने आखले. यापुढं जे देईन ते उसनं, असं त्याला सांगून टाकलं. पण खरं सांगू? रविवारी त्याचा फोन यायचा, "पप्पा, आठ हजार टाकता का?" आणि मी घसा खाकरून विचारायचो, "कशाला?" निवृत्तीनंतर एवढा जरबेचा शब्द मला दुसरीकडं कुठं वापरायला मिळत नाही.

वही घातल्यावर फोन थांबला. एक महिना गेला, दुसरा गेला. मग मीच लावला.

"पैसे आहेत ना?"

"आहेत की."

"लाजू नको. कमी पडले तर सांग."

आतून हिचा आवाज आला, "अहो, सवय नक्की कुणाची मोडायची होती?"

मोहरमला पोरगं आलं. गावातल्या उंच ताबुतांच्या भेटी बघायला मित्रांबरोबर गर्दीत उभं राहिलं, मान दुखेस्तोवर वर बघत. रात्री माझा फोन वाजला. पाच हजार जमा. हा शेजारच्या खोलीत बसून पाठवत होता. 'परत'चा रकाना पहिल्यांदाच भरला. अक्षर जरा वाकडं आलं.

दुसऱ्या दिवशी स्टँडवर सोडायला गेलो. गाडी सुटता सुटता खिडकीतून कंडक्टरच्या हातात पैसे दिले आणि त्याचं तिकीट काढलं. पोरगं "पप्पा, कशाला?" म्हणेपर्यंत गाडी हलली होती.

ते तिकीट मी वहीत लिहिलेलं नाही.